मधलं टेबल

बैठक सुट्टीच्या दिवशी अकराला ठरली होती, आणि थोरल्यांनी अकरा म्हटलं म्हणजे पावणेअकरालाच येऊन बसायचं, हे या घरात कुणाला सांगावं लागत नसे. मधली सून साडेदहालाच आली. ऑफिसचं शटर वर गेलेलं होतं, पंखे चालू होते, आणि थोरली जाऊ कागदी कपांची चळत हातात घेऊन अशी उभी होती की जणू निकाल लागून गेलाय आणि आता फक्त चहा वाटायचा राहिलाय.

"आलीस का मधले? ये. झोप लागली का नीट?"

"लागली की. न लागायला काय झालं?"

"नाही, परीक्षा आहे ना आज तुझी." थोरलीने कप टेबलावर मांडायला घेतले. "पण खरं सांगू, या वयात तू हे घेतलंस ना, मला भारी कौतुक वाटतं हं. मला तर मोबाइलवरचा फोटो मोठा करायचा म्हटलं तरी घाम फुटतो."

थोरलीचं कौतुक कसं घ्यायचं हे मधलीला पंचवीस वर्षांच्या संसारात कळून चुकलं होतं. काटा कुठे आहे ते आधी चाचपायचं आणि मगच हात पुढे करायचा. ती नुसती हसली आणि लॅपटॉप काढून भिंतीवरच्या मोठ्या पडद्याची वायर शोधू लागली.

गिऱ्हाइकांच्या वेबसाइट बनवून देणाऱ्या या घरच्या ऑफिसात टेबलं तीन. दाराजवळचं थोरल्या दिरांचं. गिऱ्हाईक आत आलं की पहिलं त्यांच्या तोंडावर, आणि त्या तोंडाकडे बघून निम्मी गिऱ्हाइकं आपोआप नरमायची. खिडकीजवळचं धाकट्यांचं, तिथे रंग, चित्रं, बटणांचे आकार आणि सदानकदा सांडलेला चहा. आणि या दोन्हींच्या मध्ये मधलं टेबल. त्या टेबलावरचा माणूस सगळ्यांनी केलेलं काम तपासतो, आणि त्याने होकार दिल्याखेरीज एक ओळसुद्धा कुठल्याही गिऱ्हाइकाच्या खऱ्या साइटवर चढत नाही. वीस वर्षं तिथे मधलीचा नवरा बसला. तो जाऊन दोन वर्षं झाली होती. या दोन वर्षांत थोरल्यांनी तिथे कुणाला टेकू दिलं नव्हतं. दोन्ही टेबलं स्वतः सांभाळायच्या हट्टापायी तीन जुनी गिऱ्हाइकं मात्र हातची घालवली होती. आता ते थकले होते, आणि आज टेबल कुणाचं ते ठरायचं होतं.

मधलीला ते टेबल हवं होतं. अगदी जिवापाड हवं होतं.

आठ महिन्यांपूर्वी तिने तसं म्हटलं तेव्हा धाकटे दीर मोठ्याने हसले होते आणि मग एकटेच हसलो हे लक्षात येऊन खोकले होते. अठरा वर्षं ती एका मोठ्या शिलाईच्या कारखान्यात कटिंग मास्तर होती. तिथे कापड कापायचं यंत्र आलं आणि एकोणपन्नासाव्या वर्षी ती घरी बसली. थोरल्यांनी तिच्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "एक साइट पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः करून दाखव. इथे, सगळ्यांसमोर. चालली तर टेबल तुझं." बहुतेक त्यांना वाटलं असेल की महिन्याभरात बाई नाद सोडेल. त्यांनी या बाईला कात्री चालवताना कधी बघितलं नव्हतं.

शिकवलं तिच्या मुलीने. मुलीला घरात सगळे भिंगरीच म्हणत, आणि ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरही तिने स्वतःचं खातं त्याच नावाने उघडलं होतं. चोवीस वर्षांची पोर, गेली तीन वर्षं याच ऑफिसात काम करत होती आणि हाताने इतकी जलद की बघणाऱ्याला वाटावं हिला सगळं आधीच पाठ आहे. शिकवताना मात्र तिचा जीव वरखाली व्हायचा.

"आई, इंच नसतात गं इथे!"

"मग माप कशात सांगू?"

"माप सांगूच नकोस. पडद्याचा किती भाग ते सांग. कुणी फोनवर बघेल, कुणी या एवढ्या स्क्रीनवर बघेल. माणूस बदलला की कपडा बदलला पाहिजे आपोआप."

"म्हणजे इलॅस्टिक घालायचं."

भिंगरी तेव्हा हसली होती. "हो बाई. इलॅस्टिक घाल."

मधलीने पहिले दोन महिने प्रत्येक पान आधी खाकी कागदावर काढलं. पान कुठे दुमडेल, कुठला चौकोन कशाखाली सरकेल, सगळं पेन्सिलीने आखून मगच ती कॉम्प्युटरला हात लावायची. पुढे ब्राउझरमध्येच पान उसवून बघायचं हत्यार तिला सापडलं. पानावरच्या कुठल्याही चौकोनावर उजवं बटण दाबलं की त्याची शिवण न् शिवण दिसते, आणि तिथल्या तिथे माप बदलून पाहता येतं. त्या दिवशी ती संध्याकाळपर्यंत जेवली नाही. चुका लाल अक्षरांत येतात, आणि त्या लाल अक्षरांना न घाबरता ती नीट वाचली की निम्मं उत्तर त्यातच असतं, हेही तिला कळलं. आणि केलेल्या कामाचा हिशेब ठेवणारं गिट ती शिकली. रोज केलेल्या कामावर स्वतःचं नाव, वेळ आणि एक ओळ लिहून ते जमा करायचं, ते एकदा जमा झालं की त्याला एक नंबर मिळतो, आणि त्या नंबराला बोट धरून कधीही मागे जाता येतं. कापडाच्या धंद्यात एकदा कात्री चालली की चालली. इथे कापलेलं पुन्हा सांधता येतं, हे तिला कितीतरी दिवस खरंच वाटेना.

साइट होती कामगारांचे गणवेश शिवणाऱ्या एका कंपनीची. फॅक्टऱ्या, हॉस्पिटलं त्यावरून मापं पाठवणार आणि कपडे मागवणार. मापांचं पान मधलीने चार वेळा मोडून पुन्हा केलं, कारण खांद्याचं माप चुकीचं भरलं तर काय होतं हे तिला ठाऊक होतं आणि ऑफिसातल्या बाकी कुणाला ठाऊक नव्हतं. काल संध्याकाळी शेवटचं काम जमा करून ती घरी गेली तेव्हा गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी बघायच्या चाचणीच्या साइटवर सगळं ठणठणीत चालत होतं.

अकराला पाच कमी असताना जावई आले. थोरल्यांचे एकुलते एक जावई, नवीन बूट, नवीन फोन, तोंडात सतत हसू. मधल्या टेबलावर त्यांचाही डोळा होता; आल्या आल्या ते त्याच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून गेले. पाठोपाठ धाकटे आले आणि मधलीजवळ येऊन हळूच म्हणाले, "वहिनी, मी तुमच्या बाजूने आहे, काळजी करू नका." हेच ते कालही फोनवर म्हणाले होते. भिंगरी सगळ्यात शेवटी आली, खिडकीजवळच्या स्टुलावर बसली, आणि आईकडे न बघता फोन काढला.

"चला," थोरले म्हणाले. "दाखव."

मधलीने चाचणीची साइट उघडली, आणि मोठ्या पडद्यावर जे आलं ते बघून तिच्या तोंडचं पाणी पळालं.

ते तिचंच पान होतं, पण महिन्याभरापूर्वीचं. मापांचे चौकोन एकमेकांवर चढलेले, कमरेचं माप पानाच्या कडेबाहेर, खाली 'ऑर्डर पाठवा'चं बटण फिकट आणि निर्जीव. तिने पान पुन्हा उघडलं. तेच. तिसऱ्यांदा उघडलं. तेच.

"हे... हे असं नव्हतं."

"कसं होतं मग?" थोरल्यांनी शांतपणे विचारलं.

"काल पूर्ण झालं होतं दादा. काल संध्याकाळी मी स्वतः बघितलंय."

जावयांनी तोवर आपल्या फोनवर साइट उघडली होती. "काकू, माझ्याकडे तर छातीचं माप पार बाहेर लोंबतंय." त्यांनी फोन सासूबाईंसमोर धरला. थोरलीने हसू पदराआड लपवायचं नाटक केलं. हसली ती उघडच.

"अगं, घाबरली असेल ती," थोरली म्हणाली. "आम्हा बायकांचं असंच होतं ऐन वेळी."

"तुमचं होत असेल जाऊबाई," मधली म्हणाली.

धाकट्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "वहिनी, मी काय म्हणतो, घाई झाली का थोडी? मी दादांना बोललोही होतो, आणखी दोन-तीन महिने द्यायला हवे होते म्हणून." मधलीने त्यांच्याकडे बघितलं. तुमच्या बाजूने आहे म्हणाल्याला दहा मिनिटंही झाली नव्हती. इतक्यात माणूस पलीकडच्या काठाला लागलाही होता!

"चुकून काहीतरी दाबलं असशील," थोरले म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच मधलीला जास्त लागलं. राग आला असता तर निदान आपल्याकडून काही अपेक्षा होती असं तरी वाटलं असतं.

"आई, राहू दे ना," खिडकीजवळून भिंगरी म्हणाली. "पुढच्या वेळी दाखवू."

मधलीला पोरीच्या आवाजात काहीतरी खटकलं, पण ते काय हे बघायला तिला सवड नव्हती. सगळ्यांच्या नजरा पडद्यावर होत्या. तिने वायर ओढून काढली. मोठा पडदा काळा झाला.

"पाच मिनिटं द्या मला."

"काकू, पाच मिनिटांत काय होणार?" जावई म्हणाले.

"तुम्ही चहा घ्या जावईबापू. गार होतोय."

ती लॅपटॉपवर वाकली. काम जमा आहे, ते कुठेही जात नाही, असं ती स्वतःला बजावत राहिली. चाचणीची साइट ज्या मुख्य प्रतीवरून बनते ती कुणीतरी मागे नेली असेल तर जिथून नेली तो नंबर कुठेतरी लिहिलेला असणार. ज्या जागी सगळ्यांचं काम जमा होतं, तिथे येण्याजाण्याची नोंद असते. हे पान भिंगरीने तिला कधी दाखवलं नव्हतं. एका दुपारी एकटीच चाचपडताना ते तिला सापडलं होतं. तिने नोंद उघडली आणि आजची तारीख शोधली.

एकच ओळ होती. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी मुख्य प्रत जबरदस्तीने मागे नेली, या नंबरावरून त्या नंबरावर. आणि ओळीच्या सुरुवातीला, जिथे करणाऱ्याचं नाव असतं, तिथे लिहिलं होतं: भिंगरी.

मधलीने ती ओळ पुन्हा वाचली. तिला हवा असलेला नंबर त्याच ओळीत होता. तिने तो उचलला, मुख्य प्रत पुन्हा त्या नंबरावर आणून ठेवली, आणि चाचणीची साइट नव्याने बनायची वाट बघत बसली. दीड मिनिट लागतं त्याला. त्या दीड मिनिटात ती मुलीकडे बघत होती, आणि मुलगी फोनकडे. आज सकाळी आठला ही पोर घरात नव्हती. पळायला जाते म्हणून गेली होती. येताना आईसाठी ब्रेड घेऊन आली होती.

साइट उभी राहिली. मधलीने वायर परत लावली.

"बघा."

आणि मग तिने दाखवलं. तिचा आवाज कोरडा होता, पण हात चुकले नाहीत. तिने ब्राउझरची खिडकी लहान केली तसे मापांचे चौकोन एकाखाली एक शहाण्यासारखे उभे राहिले. छातीच्या मापापेक्षा कंबर फार मोठी भरली तर पान विचारत होतं, नक्की ना? खांद्याच्या मापाशेजारी छोटं चित्र होतं, टेप कुठून कुठे धरायचा ते दाखवणारं. तिने चाळीस माणसांची मापं एका फाइलमधून चढवली आणि 'ऑर्डर पाठवा' दाबलं. हिरवी खूण आली. जावयांनी फोनवर साइट पुन्हा उघडली, खालीवर करून बघितली आणि फोन खिशात ठेवला.

"हे मापाचं चित्र कुणी काढलं?" धाकट्यांनी विचारलं.

"मीच."

"झकास आहे हो वहिनी. मी म्हणतच होतो." धाकट्यांचा काठ पुन्हा बदलला होता. मधलीला हसू आलं नाही.

थोरले उठले. पडद्याजवळ गेले, चष्मा वर करून मापांचं पान वरपासून खालपर्यंत वाचलं. मग वळले. "काम चांगलं आहे. मला वाटलं नव्हतं, खोटं कशाला बोलू." ते थांबले. "पण मघाशी ते गेलं कसं?"

"आलं ना परत. झालं."

"झालं कसं? मला कळायला हवं."

"काकूंच्या हातूनच काहीतरी झालं असणार," जावई म्हणाले. हसू परत जागेवर आलं होतं. "चूक होते, माणूस आहे. पण मामंजी, उद्या गिऱ्हाइकाच्या खऱ्या साइटवर असं झालं तर? त्या टेबलाचं कामच मुळी दुसऱ्यांच्या चुका पकडायचं आहे."

"अगदी माझ्या मनातलं बोललात," थोरली म्हणाली.

धाकटे छताकडे बघत होते, वारा कुठून येतोय याचा अंदाज घेत.

"माझ्या हातून गेलं नाही," मधली म्हणाली.

"मग कुणाच्या?"

मधलीने नजर लॅपटॉपवर वळवली.

थोरले आपल्या खुर्चीत बसले. "हे बघ मधले. सरळ बोलतो. तुझ्या हातून गेलं असेल तर टेबल देता येणार नाही, मला गिऱ्हाइकांना तोंड दाखवायचंय. तुझ्या हातून गेलं नसेल तर दुसऱ्या कुणीतरी तुझं चालू काम पुसलंय. आणि तसं असेल तर या ऑफिसचा नियम काय आहे ते तुला माहीत आहे."

माहीत होता. सगळ्यांनाच होता. पूर्वी तिघे भाऊ एकाच फाइलवर थेट लिहायचे, आणि ज्याने शेवटी सेव्ह केलं त्याचं राहायचं, बाकीच्यांचं पुसलं जायचं. त्यावरून थोरल्या-धाकट्याची बोलाचाल बंद झाली तेव्हा मधल्या भावाने एकच नियम घातला होता. दुसऱ्याचं चालू काम न सांगता जो पुसेल, त्याची किल्ली जाईल. किल्ली म्हणजे कामाला हात लावायची परवानगी. मग तो कुणीही असो. पहिल्याच वर्षी स्वतः थोरल्यांची किल्ली गेली होती. सहा महिने ते आपल्याच ऑफिसात धाकट्याच्या मागे उभे राहून काम सांगायचे आणि तोंडातून तक्रारीचा ब्र काढला नव्हता. त्यांच्याकडून सूट मिळेल अशी आशा करण्यात अर्थ नव्हता.

मधलीने मुलीकडे बघितलं. बोल ना, ती मनात म्हणत होती. तू बोल. मला बोलायला लावू नकोस. भिंगरीने मान वर केली, आईच्या डोळ्यांत सरळ बघितलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. तिला माहीत होतं आई काय करणार ते. आई गिळणार. आया गिळतात.

आणि मधलीनेही क्षणभर तसंच ठरवलं होतं. माझ्याच हातून झालं म्हणायचं, घरी जायचं, पोरीची इभ्रत राहील. पण मग हे आठ महिने? ती लाल अक्षरं, तो खाकी कागदांचा ढीग, तो थोरलीचा कपांमागचा चेहरा? जन्मभर तिने सगळ्यांसाठी गिळलं होतं आणि त्याचं कुणी कौतुकही केलं नव्हतं. आता पोटात जागाच उरली नव्हती.

तिने नोंदीचं पान उघडलं आणि मोठ्या पडद्यावर सोडलं.

ओळ एकच होती. सगळ्यांनी वाचली. थोरलीच्या हातातला कप तसाच राहिला.

"ही भिंगरी म्हणजे आपलीच?" धाकट्यांनी विचारलं. दुसरी कोण असणार होती!

"हो, मीच," भिंगरी म्हणाली. स्टुलावरून उठली. "मी केलं. आणि काही कायमचं पुसलं नव्हतं मोठे काका. दोन मिनिटांचं काम होतं परत आणायला. येत असतं तर आणलं असतं, नसतं येत तर त्या टेबलावर बसायचा हक्क नव्हता तिला."

"आलं ना मला," मधली म्हणाली.

"हो. आलं." भिंगरी म्हणाली. "तेच तर. मला वाटलं नव्हतं येईल."

"पण का गं? मला सांगायचंस, आई तू बसू नकोस म्हणून. तोंडावर सांगायचंस. तूच शिकवलंस ना मला, हाताला धरून?"

"आधी वाटलं महिन्याभरात सोडशील. मग सोडेनास." भिंगरी आता थांबणार नव्हती. "ते बाबांचं टेबल आहे आई. तू कधी विचारलंस बाबांना, ते इथे काय करतात? एकदा तरी? घरी पाहुणे आले आणि विचारलं की तुमचे हे काय करतात, की तू म्हणायचीस, बसतात. सगळे हसायचे. बाबाही हसायचे. मी आत अभ्यासाला बसलेली असायचे, मला ऐकू यायचं सगळं. बाबा नंतर आत यायचे आणि माझ्या वहीत उगाच काहीतरी बघत उभे राहायचे."

जावयांचं हसू गेलं होतं.

"आजारी होते तेव्हा त्यांनी तुला म्हटलं होतं, ये, तुला दाखवतो मी काय बनवलंय. आठवतं? तू म्हणालीस, माझे पाय दुखतायत, उद्या बघू."

"दुखत होते पाय," मधली म्हणाली. "बारा तास उभी असायचे मी."

"माहितीये मला."

"ऑफिसातून पैसा येत नव्हता ती सहा वर्षं घर माझ्या कात्रीवर चाललं."

"तेही माहितीये. म्हणून काय म्हणायचं, बसतात?"

मधलीने इकडेतिकडे बघितलं आणि शेवटी खरं होतं तेच बोलली. "मला कळतच नव्हतं गं ते काय करायचे. जुन्या साइटी उघडून बसले ना मी शिकताना, तेव्हा वाचलं त्यांचं. प्रत्येक ठिकाणी दोन ओळी लिहून ठेवल्यात, पुढच्याला कळावं म्हणून. इतकं स्वच्छ काम... माझ्या कारखान्यात एकाचंही नव्हतं. मला ते वाचता यायला लागलं तेव्हा..."

"तेव्हा ते नव्हते," भिंगरी म्हणाली.

"हो. नव्हते."

मग थोरल्यांनी घसा साफ केला. त्यांचे डोळे लाल झाले होते, पण ते नियमाचे माणूस होते, आणि तो नियम त्यांच्या मेलेल्या भावाचा होता.

"टेबल मधलीचं," ते म्हणाले. "तिने मिळवलंय." जावयांनी काही बोलायला तोंड उघडलं तसा त्यांनी हात वर केला. "आणि किल्ली काढायचं काम मधल्या टेबलाचं असतं. माझी काढली होती तेव्हाही तिथूनच काढली होती. जा मधले, बस, आणि काढून टाक."

"दादा, पोर आहे ती."

"मी थोरला होतो."

"अहो, राहू द्या ना," या वेळी थोरलीच म्हणाली, आणि तिला मनापासून वाईट वाटलेलं दिसत होतं. पण थोरल्यांनी तिच्याकडे वळूनही बघितलं नाही.

"मोठे काका बरोबर बोलतायत," भिंगरी म्हणाली. "बाबांनीही हेच केलं असतं."

मधली उठली. टेबलाला वळसा घालून खुर्चीपाशी गेली आणि बसली. हे बसणं तिने आठ महिने मनात किती वेळा बसून बघितलं होतं! खुर्ची उंच होती, पाय नीट टेकेनात. समोरचा कॉम्प्युटर सुरू झाला, थोरल्यांनी वाकून आपला पासवर्ड टाकला, तिच्या नावाला मधल्या टेबलाचे अधिकार दिले आणि दोन पावलं मागे सरकले.

तिने यादी उघडायचा प्रयत्न केला. भलतंच पान आलं. मागे गेली, दुसरीकडे दाबलं, तिथे नुसत्या साइटींची नावं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, आणि एकटीने चाचपडतानाही ती इथवर कधी आली नव्हती, कारण इथे यायची तिला परवानगीच नव्हती. सगळे बघत होते. तिने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

भिंगरी तिच्यामागे येऊन उभी राहिली. तिच्या श्वासाचा आवाज मधलीला कानाशी येत होता.

"तिथे नाही आई. वर सेटिंग्ज आहे ना, त्यात जा. आता डावीकडे, माणसांची यादी."

"ही?"

"हो. माझं नाव सापडलं? त्याच्या शेवटी तीन ठिपके आहेत, ते दाब."

मधलीने दाबले. "यात चार गोष्टी आल्या."

"सगळ्यात खालची. लाल आहे ती."

तिने लाल अक्षरांवर बाण नेला आणि दाबलं. पडद्याच्या मध्ये एक लहानशी चौकट उघडली.

"खात्री आहे का विचारतंय गं."

"विचारणारच," भिंगरी म्हणाली. "हो म्हण."

मधलीने हो म्हटलं.